सोळा चौकोनांचा हिशेब

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला, की मडगावातील माझ्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येऊ लागतो. विचारणारी बहुधा आई असते, प्रश्न उठून दाराशी गेल्यावर येतो, आणि आवाज थोडा खाली गेलेला असतो. ‘‘डॉक्टर, नाताळाक ताका केक दिलो जाल्यार चलता?’’ चवथीच्या सुमारास हाच प्रश्न नेवऱ्यांविषयी येतो, दिवाळीत फराळाविषयी येतो. त्या घरातील मूल टाइप १ मधुमेहाचे असते. म्हणजे त्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरणे जवळजवळ थांबलेले असते आणि ते त्याला रोज अनेक वेळा टोचून घ्यावे लागते. या प्रश्नाला व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी जे उत्तर देत आले ते चुकीचे होते. संघाच्या स्मरणिकेत आपण बहुधा आपल्या यशाच्या गोष्टी सांगतो. या वर्षी संपादकांची क्षमा मागून एका चुकीविषयी लिहिते, आणि त्या चुकीवरचा उतारा ज्या पदार्थात मला सापडला त्या पदार्थाविषयीही लिहिते. तो पदार्थ म्हणजे व्हॅनिला ब्राउनी. बालरोगतज्ज्ञ बाईने स्मरणिकेत पाककृती लिहावी याचे कोणास हसू आले, तर त्यांनी खुशाल हसावे. परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा एक कागद असे. दोन रकान्यांचा, छायाप्रतींच्या छायाप्रती काढून फिकट झालेला. डावीकडे ‘चालेल’, उजवीकडे ‘वर्ज्य’. प्रौढ मधुमेही रुग्णांसाठी कोणीतरी केव्हातरी तयार केलेला तो तक्ता मी मुलांनाही देत असे. २००४ साली सासष्टीतील एका गावातून नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे उपचारासाठी येऊ लागली. घर ख्रिस्ती, माणसांनी भरलेले, आजी स्वयंपाकात निष्णात. नाताळ तोंडावर आला होता म्हणून मी त्या तक्त्याच्या ‘वर्ज्य’ रकान्याखाली स्वतःच्या अक्षरात ‘नाताळातील सर्व गोड पदार्थ’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा मला अजून दिसतात.

गोव्यातील वाचकांना नाताळापूर्वीचे स्वयंपाकघर सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ यांचा दोदोल मोठ्या भांड्यात तासन्‌तास घोटला जातो. बिबिंकेचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. आणि कुलकुल हे तर मुलांचेच काम: पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची, की तिला शिंपल्यासारख्या रेघा उठतात. त्या मुलीने त्या वर्षीही कुलकुल वळले. परातभर वळले. आणि मग ते तळून, साखरेत घोळून, ताटांत भरून, हातरुमालाने झाकून शेजारच्या घरी पोचवण्याचे कामही तिलाच दिले गेले. खायचे तेवढे नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि रात्री ती किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये दाखल झाली. श्वास खोल आणि वेगाने चाललेला, ओठ कोरडे, हाक मारली तर डोळे उघडत होते, इतकेच. दोन दिवसांनी ती सावरली. तिची साखरेच्या नोंदींची वही मी तेव्हा प्रथमच डोळे उघडून पाहिली. डिसेंबरचा सारा महिना एकाच शाईने लिहिलेला होता. सगळे आकडे शून्याने संपणारे: ११०, १२०, १३०, पुन्हा १२०. ग्लुकोमीटर असे गोल आकडे रोज देत नाही, हे मला कळायला हवे होते. महिन्याच्या मध्याला तीच वही पाहून मी तिला शाबासकी दिली होती आणि तिचा रात्रीचा डोस दोन युनिटांनी कमी केला होता! एचबीए१सी अकराच्या वर आले. कुलकुल तिने खाल्लेच होते. कपाटामागे लपवून, थोडे थोडे, रोज. वहीत खोटे का लिहिले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली की खरे लिहिले असते तर तुम्ही रागावला असता.

मुलीच्या अंगावर दुखणे आले ते चार कुलकुलांमुळे नव्हे. खोट्या आकड्यांवर विसंबून मी चालवलेल्या उपचारामुळे ते आले, आणि ते आकडे खोटे झाले माझ्या दोन रेघांमुळे. हे मान्य करायला मला काही वर्षे लागली.

ही बंदी आली कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. इन्सुलिनपूर्व काळात ती बंदी हाच उपचार होता. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत. त्यात मुले अस्थिपंजर होत, पण काही महिने, क्वचित काही वर्षे अधिक जगत. त्यापलीकडे देण्यासारखे कोणाजवळ काही नव्हते, म्हणून आज त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले टोचण मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ही अ‍ॅलनच्या आहारावर तीन वर्षे काढून टोरांटोला पोचली. पंधराव्या वर्षाला टेकलेल्या त्या मुलीचे वजन होते सुमारे २० किलो. इन्सुलिन मिळाल्यावर काही आठवड्यांत ती पाव, बटाटे खाऊ लागली; पुढे लग्न झाले, मुले झाली आणि १९८१ पर्यंत ती जगली. उपचार बदलला, पण उपासाच्या काळातील तो ‘वर्ज्य’ रकाना मात्र आपल्या टेबलाच्या खणात तसाच राहिला.

शास्त्राने तो रकाना अधिकृतपणे केव्हाच खोडला आहे. १९९४ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आपल्या आहारविषयक शिफारशींत स्पष्ट केले की साखरेवर वेगळी बंदी घालण्यास आधार नाही. जेवणातील एकूण कर्बोदके किती हे महत्त्वाचे. साखर ही पिष्टापेक्षा फार वेगाने रक्तात चढते, ही समजूत प्रयोगांत टिकली नाही. पांढरा पाव आणि पांढरा भात यांचा ग्लायसेमिक इंडेक्स साध्या साखरेइतका, किंबहुना काही वेळा अधिकच भरतो. १९९४ साली मी स्वतः पदव्युत्तर अभ्यास करीत होते. म्हणजे हे माझ्या डोळ्यांसमोर घडले, आणि तरीही दहा वर्षांनंतर मी दोन रेघा ओढल्या! आपल्या व्यवसायात पुस्तके लवकर बदलतात, खणातले कागद बदलत नाहीत.

आता ब्राउनीकडे वळते.

गेल्या डिसेंबरात आठ वर्षांच्या एका मुलाच्या आईने मला दाराशी जाऊन तोच प्रश्न विचारला. घर मराठी, बिऱ्हाड सदनिकेत, शेजार दोन्ही बाजूंनी ख्रिस्ती. दिवाळीचा फराळ तिकडे जातो, नाताळचे ताट इकडे येते. मुलाच्या शाळेत नाताळच्या सुटीपूर्वी मेळा होता आणि प्रत्येक मुलाने घरी केलेला एक गोड पदार्थ आणायचा होता. त्याला व्हॅनिला ब्राउनी न्यायची होती, आणि मित्रांसोबत एक खायची होती. ‘‘मी त्याला सांगितले, तू ने, पण खाऊ नकोस,’’ आई म्हणाली. मला कुलकुलांची परात आठवली. मी दोघांना रविवारी दुपारी माझ्या घरी यायला सांगितले. येताना मुलाने आपल्या कंपासपेटीतली पट्टी आणावी, असेही सांगितले. ती कशासाठी, हे आईला कळले नाही.

ब्राउनी म्हटली की चॉकलेटच, असे आपल्याकडे समजतात आणि व्हॅनिलाची ब्राउनी ही कोणा बेकरीवाल्याची अलीकडची लहर वाटते. तसे नाही. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात ‘ब्राउनी’ या नावाने जी कृती आहे तिच्यात चॉकलेट नाही, काकवी आहे. चॉकलेट आले ते १९०६ च्या आवृत्तीत. पण माझ्या निवडीचे कारण इतिहासाचे नव्हते, तराजूचे होते. चॉकलेटच्या प्रत्येक वडीत साखर निराळी, मुलांच्या आवडीच्या दूधवाल्या चॉकलेटात तर बरीच. व्हॅनिलाच्या ब्राउनीत मात्र मोजण्याजोगे दोनच जिन्नस: मैदा आणि साखर. लोणी आणि अंडी यांत कर्बोदके नगण्य, आणि व्हॅनिलाच्या वासात काहीच नाही. शिवाय तो वास जिभेला गोडाचा आभास देतो, त्यामुळे साखरेला थोडी कात्री लावली तरी ते कळत नाही.

आमचे प्रमाण असे होते: वितळलेले लोणी ११५ ग्रॅम, तपकिरी साखर १५० ग्रॅम, दोन अंडी, मैदा १२५ ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स दोन चमचे, मीठ चिमूटभर, आणि काजूचे बारीक तुकडे ५० ग्रॅम. लोणी आणि साखर एकत्र फेटायचे, त्यात अंडी आणि इसेन्स घालायचे, मैदा शेवटी घालून अलगद मिसळायचा. मैदा घातल्यावर फार घोटले तर ब्राउनी चिवट होते. हा धडा मी माझ्या मुलीच्या वाढदिवसाला दातांनी शिकले आहे. २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी ट्रे, आतून कागद, ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर आधीच तापवलेला. साधारण २४ मिनिटे. मध्ये खोचलेल्या काडीला ओलसर कण चिकटून यावेत, कच्चे पीठ येऊ नये. काडी कोरडी निघेपर्यंत वाट पाहिली तर तो केक होतो, ब्राउनी राहत नाही.

वजन करण्याचे काम मुलाचे होते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आता काही शे रुपयांत मिळतो. भांडे ठेवून काटा शून्यावर कसा आणायचा हे त्याला एकदा दाखवले. त्यानंतर मला त्याने हात लावू दिला नाही. साखर १५३ भरली तेव्हा त्याने तीन ग्रॅम चमच्याने परत काढली. आई हसली. मी हसले नाही. या मुलाला हा काटेकोरपणा जन्मभर लागणार आहे, आणि तो त्याने येथे साखरेच्या भांड्यात स्वतःहून काढून दाखवला.

ट्रे ओव्हनमध्ये गेल्यावर चोवीस मिनिटे करायचे काय, म्हणून मी त्याला व्हॅनिलाची गोष्ट सांगितली. मूळची मेक्सिकोतील ही वेल युरोपीय लोकांनी दूरदूरच्या बेटांवर लावली. वेल वाढे, पण शेंगा धरीत नसत, कारण परागीभवन करणारे कीटक तिथे नव्हते. मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यावर डोके खाजवीत होते. १८४१ साली हिंदी महासागरातील, आज रेयुनियाँ म्हणतात त्या बेटावर एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने एक काडी आणि अंगठा यांनी फुलातला पडदा बाजूला करून पराग जुळवण्याची युक्ती शोधली. आजही जगभर व्हॅनिलाचे फूल हातानेच फळवले जाते. ‘‘मग त्याला बक्षीस मिळाले?’’ मुलाने विचारले. नाही मिळाले, गुलामी संपल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळाले, आणि १८८० साली तो गरिबीतच वारला, हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ ओव्हनच्या काचेकडे पाहत राहिला. आमच्या बाटलीतले इसेन्स अर्थात त्या शेंगेचे नव्हते. १८७४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत व्हॅनिलिन बनवले, आणि आज बाजारातली बहुतेक बाटली त्याच कुळातली असते. हेही त्याला सांगितले. मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये.

ट्रे निवायला तासभर लागला. मग कागद आणि पेन्सिल निघाली. साखर १५० ग्रॅम म्हणजे जवळजवळ तितकीच कर्बोदके. मैद्यात शंभराला साधारण ७६, म्हणजे १२५ ग्रॅममध्ये ९५. काजूंत सुमारे १५. बेरीज २६०. पट्टीने दर पाच सेंटिमीटरवर खुणा केल्या, सोळा चौकोन कापले. २६० भागिले १६: सव्वासोळा. भागाकार त्याने स्वतः केला, शाळेत नुकताच शिकला होता. पट्टीचे प्रयोजन आईला तेव्हा उमगले.

सजावटीला मी विरोध करीन असे आईला वाटले होते. सजावटीशिवाय सण कसला? पण सजावटीचाही हिशेब असतो. पिठीसाखर ६४ ग्रॅम घेतली, म्हणजे प्रत्येक चौकोनावर चार. ती दुधात कालवण्याऐवजी आमसुलांच्या दाट पाण्यात कालवली, तर गुलाबी रंग आला आणि किंचित आंबट चव. लाल-हिरव्या रंगांच्या बाटल्या मी मुद्दाम टाळल्या. २००७ साली साउदम्प्टनच्या अभ्यासात सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणांमुळे काही मुलांचा चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. युरोपात २०१० पासून त्या रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. वर्षातून एका थेंबाने काही होते असे माझे मत नाही. मात्र घरात आमसूल असताना बाटली कशाला उघडावी? चांदीच्या कडक गोळ्या मात्र मी ठामपणे नाकारल्या. मुलाची बहीण दोन वर्षांची आहे. त्या गोळ्या आणि अख्खे काजू या वयाच्या श्वासनलिकेसाठी काय असतात, हे आपल्यापैकी ज्यांनी रात्री दोन वाजता ब्राँकोस्कोपीसाठी मूल पाठवले आहे त्यांना सांगायला नको.

कागदाच्या कोनातून त्याने प्रत्येक चौकोनावर नखेत्र काढायला सुरुवात केली. नाताळात आमच्या गोव्यात घरोघरी जी कागदी चांदणी टांगतात, ती. पहिली तीन नखेत्रे इतकी जाडजूड झाली की उरलेल्या तेरांना आयसिंग पुरेना. आता हिशेब बिघडला म्हणून तो रडकुंडीला आला. मग त्याचा त्यालाच उपाय सुचला: ती तिन्ही खरवडून काढली, प्रत्येक चौकोन तराजूवर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि पाच ग्रॅम दिसेपर्यंतच रेघ ओढली. पाचांत एक ग्रॅम पाणी. शेवटच्या दोन-तीन नखेत्रांचे आकाशकंदील झाले. ते त्याने मुद्दाम केले की हात थकल्यामुळे झाले, हे मी विचारले नाही. एका ब्राउनीत एकूण २० ग्रॅम कर्बोदके. त्या मुलाला त्या वेळी २० ग्रॅमला १ युनिट असे प्रमाण बसते. (प्रत्येक मुलाचे प्रमाण निराळे असते आणि ते वयाबरोबर बदलते, स्मरणिका घरी वाचणाऱ्या पालकांनी हे आकडे परस्पर वापरू नयेत.)

तुलनेसाठी सांगते. ५० ग्रॅमच्या पावात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. दीडशे ग्रॅम भातात चाळीसच्या वर. २५० मिलिलिटर शीतपेयात २६ ग्रॅमच्या आसपास, तीही निव्वळ साखर. ज्या आईचा आवाज केकच्या प्रश्नाला खाली जातो, तीच आई दुपारी भाताचा दुसरा वाढप निश्चिंतपणे वाढते. आणि मधुमेह नसलेल्या, पण दर वर्षी पोटाचा घेर वाढत चाललेल्या मुलांच्या आयांनाही मी हेच सांगते: वर्षातून एकदा येणाऱ्या त्या चौकोनाला दोष देऊ नका, रोज सकाळी दुधात बुडणारी क्रीमची बिस्किटे मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली, वरून घातलेल्या साखरेची दहा टक्क्यांची मर्यादा सणाच्या एका दिवशी ओलांडली जाते ती गोष्ट निराळी, आणि उरलेल्या दिवशी नकळत ओलांडली जाते ती निराळी.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, तुम्ही दार उघडता, मूल एका तुकड्यावर थांबत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काही मुले थांबत नाहीत. पण बंदी घातलेली मुले थांबतात असा माझा अनुभव नाही. ती कपाटामागे जातात. उघड खाल्लेल्या दोन तुकड्यांवर इन्सुलिन देता येते, लपवलेल्या अर्ध्यावर देता येत नाही.

त्यांचा दुसरा आक्षेप मात्र मला अधिक बोचतो. ते म्हणतात, हे तुमचे भागाकार सुखवस्तू घरांसाठी ठीक. जिथे पट्ट्या दिवसातून एकदाच परवडतात आणि इन्सुलिन दिवसातून दोनदा मिश्र स्वरूपाचे चालते, तिथे काय? ते खरे आहे. तशा मुलाला जास्तीचा डोस देऊन ब्राउनी खाता येत नाही. त्याला ती बदल्यात खावी लागते: त्या जेवणातला एक छोटा पाव किंवा भाताची लहान वाटी कमी, आणि तिच्या जागी चौकोन, जेवणाच्याच वेळी. हेही वजनानेच शिकवायचे असते, आणि पंधरा मिनिटांत ते शिकवून होत नाही. आपल्या चिकित्सालयांत तेवढा वेळ कोणाला नसतो, मलाही नसतो. रविवारची ती दुपार मी प्रत्येक मुलाला देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच माझी संघाला सूचना आहे: चवथीपूर्वी एक आणि नाताळापूर्वी एक, अशा दोन दुपारी आपण सभागृह, दोन तराजू आणि एखादा ओव्हन उपलब्ध करावा, आणि या मुलांना व त्यांच्या आज्यांना बोलवावे. आज्यांना अवश्य. नेवरीचे सारण वजनात बसवणे ब्राउनीपेक्षा अवघड नाही. कोणी ते कधी तोलून पाहिले नाही, इतकेच. आणि त्या निमित्ताने खणातला तो दोन रकान्यांचा कागद प्रत्येकाने घेऊन यावा. तो जमा करून आपण नवा, मुलांसाठीचा तक्ता छापावा. त्यात ‘वर्ज्य’ हा शब्द नसावा, ग्रॅम असावेत.

आज्यांविषयी बोलते आहे तर गुळाचेही सांगते. ‘साखर नाही घातली हो, गूळ घातला आहे’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, आणि मधाचीही गोष्ट तीच. ‘शुगर फ्री’ छापलेल्या बिस्किटात मैदा असतोच, आणि मैद्याला इन्सुलिन लागतेच. उलट दिशेची चूकही होते: मुलाची साखर एकाएकी उतरली, हातपाय थरथरू लागले, तर घाबरून जवळचा केकचा तुकडा तोंडात घालतात. त्यातल्या लोण्यामुळे साखर चढायला उशीर लागतो. तिथे ग्लुकोजची पूडच हवी, ब्राउनी नव्हे.

मेळ्याच्या दिवशी मी शाळेत नव्हते. दुपारी मुलाच्या आईचा फोन आला. ब्राउनी ठरल्याप्रमाणे चालली होती, पण शेजारच्या टेबलावर पॅटिस होते आणि त्याला एक हवे होते. किती धरायचे? मी दुसऱ्या एका बाळाला तपासत होते. न पाहता, न तोलता, १५ ग्रॅम धरा असे सांगून मी फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी तो वही घेऊन आला. आकडे निरनिराळ्या पेनांनी लिहिलेले, एके ठिकाणी आमसुलाचा डाग. मेळ्याच्या दिवसाची ओळ अशी होती: खाण्यापूर्वी ११८, तीन तासांनी २१२. २१२ वर खाडाखोड नव्हती. आईने घाईघाईने समजावायला सुरुवात केली, तोच त्याने तिला थांबवले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे त्याने लिहिले होते: ‘ब्राउनी २० ग्रॅम, वजन केले. पॅटिस १५ ग्रॅम, डॉक्टरांचा अंदाज.’